कालवा उपसला तेव्हा

नोटीस लागली त्या सकाळी टाचणीबाई एका गिऱ्हाइकाची पँट पोचवायला निघाली होती. पुलाच्या कठड्यापाशी चारपाच माणसं वाचत उभी दिसली, म्हणून तीही थांबली. जुन्या पुलाचे पाय पाण्याखाली झिजले आहेत, ते दुरुस्त करायचे आहेत, त्यासाठी वरच्या दरवाजापासून खालच्या दरवाजापर्यंतचा कालवा सोमवारपासून पूर्ण उपसण्यात येईल, असं त्यात लिहिलं होतं. पुढे पुलावरून ये-जा बंद, लोकांसाठी शेजारी लाकडी साकव, गैरसोयीबद्दल दिलगिरी वगैरे. ‘पूर्ण उपसण्यात येईल’ एवढेच शब्द तिने पुन्हा पुन्हा वाचले. मग पँट तशीच काखेत धरून ती घरी परतली. गिऱ्हाईक बिचारं दुपारपर्यंत वाट बघत बसलं.

तिच्या तोंडात सदा टाचण्या धरलेल्या असत आणि त्यामुळे ती बोले कमी, म्हणून तिला टाचणीबाई नाव पडलं होतं. पुलाच्या अलीकडच्या टोकाला, जिथून पायऱ्या कालव्याकडे उतरतात, त्या कोपऱ्यावर तिची खोली. पुढच्या अर्ध्यात शिवणयंत्र, कापडाची गाठोडी आणि उभा आरसा. मागच्या अर्ध्यात ती आणि तिची सासू. नवे कपडे शिवायला तिच्याकडे फारसं कोणी येत नसे. उसवलेली शिवण घालणं, बिघडलेली चेन बदलणं, बारीक झालेल्या माणसाचा कोट आत घेणं आणि जाड झालेल्याचा बाहेर सोडणं, असली कामं.

खिडकीतून पूल दिसायचा. दगडाच्या तीन कमानी, दोनशे वर्षांच्या. पूर्वी काठावरून घोडे चालत आणि दोरांनी नावा ओढत; ते दोर घासून घासून मधल्या कमानीच्या कोपऱ्याला बोट जाईल एवढ्या खाचा पडल्या होत्या. परगावची माणसं त्या खाचांत बोटं घालून फोटो काढून घेत. टाचणीबाईला त्या पुलाचं काडीचं कौतुक नव्हतं. तिच्या लेखी त्या पुलाने तिचा नवरा खाल्ला होता.

त्याला नऊ वर्षं झाली. नवरा पलीकडच्या काठावर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करी. हिवाळ्यातली सकाळ होती. धुकं इतकं दाट, की पुलाच्या मध्यावरून दोन्ही काठ दिसत नव्हते. त्याच आठवड्यात एका ट्रकने धडक देऊन कठड्याचा तुकडा पाडला होता आणि तिथे नुसती दोरी बांधून ठेवली होती. तो डबा घेऊन निघाला आणि दुकानात पोचलाच नाही. पोलिसांनी दोन दिवस कालव्यात गळ टाकले. एक सायकल आणि एक पत्र्याची पेटी निघाली. तिसऱ्या दिवशी हवालदाराने वही मिटली आणि म्हणाला, “बाई, माणसं बुडून जातात, तशी उठूनही जातात.”

ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. ‘उठून जातात’ म्हणजे काय? आदल्या संध्याकाळी त्याने कोटाचं सुटलेलं बटण लावून मागितलं होतं. ज्याला बायकोला टाकून जायचंय, तो तिच्याकडून बटण लावून घेतो का? हे तिने हवालदाराला विचारलं, शेजारणींना विचारलं, चष्म्याच्या दुकानदाराला विचारलं. सगळे मान हलवत, आणि ती वळली की एकमेकांकडे बघत. तिच्या पाठीला ते बघणं कळायचं.

तेव्हापासून ती धड नवऱ्याची बायको नव्हती आणि धड विधवाही नव्हती. सासू म्हणे, “माझं मन सांगतं, तो जिवंत आहे. येईल.” सून म्हणे, “तो बुडालाय, आई. तो मला सोडून जाणारा नव्हता.” एकाच खोलीत एकीला तो जिवंत हवा होता आणि दुसरीला मेलेला. ऐकायला वाईट वाटतं, पण टाचणीबाईचा सगळा जीव त्या एका गोष्टीवर उभा होता. तो बुडाला असेल, तर तिचा संसार खरा होता. तसं नसेल, तर काहीच खरं नव्हतं.

नोटीस वाचून ती घरी आली, तेव्हा सासू बटणांचा डबा मांडीत घेऊन मापाप्रमाणे बटणं निवडत बसली होती.

“आई, कालवा उपसणार आहेत.”

म्हातारीचा हात थांबला. “कशाला?”

“पुलाचे पाय दुरुस्त करायचेत. सोमवारपासून.”

“सगळा उपसणार?”

“सगळा. तळ दिसेपर्यंत.”

म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने हातातलं बटण भलत्याच खणात टाकलं. थोड्या वेळाने म्हणाली, “तेवढे दिवस आपण कुठेतरी जाऊन राहू या का गं? तुला नाही बघवायचं ते.”

“कुठे जाणार? आपल्याला आहे कोण?” टाचणीबाई म्हणाली. “आणि मला बघायचंच आहे.”

म्हातारी पोटच्या मुलाचे अवशेष बघायला घाबरते आहे, असं तिला वाटलं. तिला दया आली. त्या रात्री तिने सासूचे पाय चेपून दिले.

सोमवारी दोन्ही टोकांना फळ्यांचे बांध घातले आणि पंप सुरू झाले. पहिल्या दिवशी पाणी कमरेइतकं खाली गेलं. हिरव्या दगडांचा पट्टा उघडा पडला आणि सगळ्या वस्तीत कुबट वास पसरला. दुसऱ्या दिवशी मासे उथळ पाण्यात तडफडायला लागले, तेव्हा रबरी बूट घातलेल्या माणसांनी ते जाळ्यांनी उचलून टबांत भरून नेले. तिसऱ्या दिवशी तळ दिसायला लागला. सायकली तर मोजदाद नाही इतक्या. दार उघडलेली तिजोरी, दुकानाची पाटी, दगडी सिंह, एक कवळी, आणि काठावरच्या एका म्हाताऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी रागाच्या भरात फेकलेला रेडिओ. म्हाताऱ्याने तो लगेच ओळखला आणि बायकोला दाखवायला आणला. साकवावर जत्रा भरली होती. लोक खात होते, हसत होते, बोटं दाखवत होते.

टाचणीबाईने शिवणयंत्रावर झाकण घातलं. पायऱ्यांवर स्टूल टाकून ती सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसायची. गिऱ्हाइकं येऊन परत जात. सासू दारातून जेवायला हाक मारी आणि पुन्हा आत जाई.

कामावरचा मुकादम धिप्पाड गडी होता, मांडीपर्यंत बूट, पंपांवर ओरडून ओरडून घसा बसलेला. दुसऱ्याच दिवशी ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली होती.

“माझा नवरा आहे खाली,” ती म्हणाली.

मुकादमाने आधी खाली काम करणाऱ्या माणसांकडे बघितलं. मग त्याला उमगलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“किती वर्षं झाली, ताई?”

“नऊ. अंगात कोट होता. मीच शिवलेला. कापड कुजलं असेल, पण बटणं कुजणार नाहीत. शिंगाची, चार भोकांची. सगळ्यात खालचं मात्र दोन भोकांचं, बाकीच्यांसारखं मिळालं नाही म्हणून लावलेलं. आणि जेवणाचा डबा, दोन पुडांचा.”

मुकादमाने ते सगळं हातातल्या कागदावर लिहून घेतलं. माणसांना बोलावून वाचून दाखवलं. तो तिची टर उडवेल असं तिला वाटलं होतं. त्याने तिला चहा पाजला.

चौथ्या दिवशी दुपारी मुकादम स्वतः पायऱ्या चढून आला. “ताई, पलीकडच्या कमानीच्या पायाशी एक फुटकी नाव आहे. तिच्याखाली हाडं दिसतायत. पोलिसांना निरोप धाडलाय. डॉक्टर येईपर्यंत आम्ही हात लावत नाही. तुम्ही मन घट्ट करा.”

टाचणीबाई घरात आली, ती हसत होती. सासूने ते हसू बघितलं आणि ती भिंतीला टेकली.

“सापडला, आई. मी म्हणत होते ना? सापडला!” तिने तोंड धुतलं, केस विंचरले, ठेवणीतले कपडे काढले. आरशासमोर उभी राहून तिने केस पुन्हा एकदा नीट केले. नऊ वर्षांत तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं. “आता सगळ्यांना बोलवायचं. त्या हवालदाराला पण. तुमच्या लेकाला नीट निरोप द्यायचा. दगड बसवायचा, त्यावर नाव घालायचं.”

“तो नसेल गं,” म्हातारी पुटपुटली.

“तुम्हाला काय माहीत?”

पदराआड तोंड घेऊन म्हातारी आतल्या खाटेवर जाऊन बसली.

दोन तासांनी पोलिसांचा डॉक्टर नावेपाशी ओणवा झाला, आणि पाच मिनिटांत हात झाडत उभा राहिला. “कुत्रं आहे. मोठ्या जातीचं. हा बघा गळ्यातला पट्टा.”

“नीट बघा,” टाचणीबाई वरून ओरडली.

“नीटच बघितलं, बाई.”

“पट्टा वाहत आला असेल! तुम्ही पाच मिनिटांत काय बघितलं? माणसाची हाडं अशी पाच मिनिटांत बघतात?”

डॉक्टर दमलेला होता, वाईट माणूस नव्हता. “बाई,” तो म्हणाला, “याला शेपूट होतं.”

साकवावर कोणीतरी फिसकन हसलं. ती ठेवणीतल्या कपड्यांत तशीच उभी राहिली. मग घरी येऊन तिने ते कपडे उतरवले, घडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. म्हातारी तिच्या डोक्याशी बसून होती. दोनदा तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोन्हीदा मिटलं.

पुढच्या तीन दिवसांत दोन्ही कडेच्या कमानींखालचा गाळ निघाला. त्यात शिंगाचं बटण नव्हतं, डबा नव्हता. आता उरली मधली कमान. ज्या जागी कठडा तुटला होता, ती बरोबर तिच्या वर येत होती, त्यामुळे टाचणीबाईचा धीर अजून सुटला नव्हता. पण त्या संध्याकाळी मुकादम टोपी हातात घेऊन तिच्याजवळ आला.

“उद्या दुपारनंतर मधल्या कमानीखाली काँक्रीट ओततोय, ताई.”

“आधी गाळ काढणार ना?”

“तिथला नाही काढता येत. पुरुषभर खोल आहे. तो काढला तर पाय खचेल आणि कमान खाली येईल. साहेबांनी वरून जाळी टाकून ओतायला सांगितलंय.”

“म्हणजे तो कायमचा खाली.”

“ताई, तिथे कोणी नाही.”

“तुम्ही बघितलंय?”

ती साहेबांच्या तात्पुरत्या कचेरीत गेली. साहेब नकाशावरून मान वर न करता म्हणाले, दोनशे वर्षांचा पूल आहे, एका शंकेपायी पाडता येत नाही. ती पोलीस चौकीत गेली. तिथला नवा हवालदार जुनी वही शोधतो म्हणून आत गेला, तो बाहेरच आला नाही. सगळे दरवाजे वाजवून झाले. रात्रभर तिला झोप लागली नाही. जाळी पसरली, की त्यावर काँक्रीट, त्यावर पाणी, आणि तिला उरलेलं आयुष्य ‘उठून गेलेल्याची बायको’ म्हणून काढायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पंप बंद झाले आणि माणसं सावलीला जाऊन बसली. टाचणीबाईने कापड मोजायची लाकडी पट्टी घेतली, पायऱ्या उतरली, शिडीवरून तळाला गेली आणि फळ्यांवरून चालत मधल्या कमानीखाली पोचली. फळ्या तिथे संपत होत्या. तिने पाय खाली टाकला. गाळ घोट्यापर्यंत आला, मग पोटरीपर्यंत. थंडगार होता. ती पट्टी खुपसून बघे, काढे, एक पाऊल पुढे जाई. एका ठिकाणी पट्टी कशालातरी लागून टणकन वाजली. ती त्या जागेकडे झेपावली आणि मांडीपर्यंत आत गेली. तो दगड होता. तिने दोन्ही हातांनी गाळ उपसायला सुरुवात केली, आणि जितका उपसावा तितकी ती खाली जात होती.

साकवावरून कोणीतरी किंचाळलं. मुकादम तोंडातला घास थुंकून धावत आला.

“हलू नका! ताई, हलू नका, जागच्या जागी राहा! अरे फळ्या आणा! दोर आणा!”

तोवर गाळ तिच्या कमरेला लागला होता. त्यात बांधाच्या फटींतून झिरपलेलं पाणी, पंप बंद असल्यामुळे, हळूहळू कमानीखाली जमत होतं. मुकादमाने दोर फेकला. तो तिच्या हातापाशी पडला. तिने तो धरला नाही.

“आधी ही जागा उपसा,” ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, त्यानेच लोक जास्त घाबरले. “उपसल्याशिवाय मी निघणार नाही. ओता मग माझ्यावरच.”

“ताई, अहो वेड्यासारखं काय करता? दोर धरा!”

“नाही.”

दोन माणसं फळ्या टाकत पुढे सरकायला लागली, तशी तिने पट्टी उगारली आणि त्यांच्यापासून लांब व्हायला म्हणून अंग मागे रेटलं. गाळ बरगड्यांपर्यंत चढला.

पायऱ्यांवर सासू आली होती. तिचे गुडघे धरलेले असत, पायऱ्या ती कधी उतरत नसे. आज ती अनवाणी, बसत बसत, एकेक पायरी घसरत खाली आली.

“वर ये गं! माझ्यासाठी वर ये!”

“तुम्हाला तुमचा मुलगा नको आहे का, आई?” टाचणीबाई ओरडली. कमानीत तिचा आवाज घुमला. “पुरून टाकतायत त्याला! तुम्ही आई आहात ना त्याची? सांगा ना त्यांना!”

म्हातारीने दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. “तो तिथे नाही!” ती म्हणाली. मग सगळ्या काठाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, “तो तिथे नाही, पोरी! जिवंत आहे तो! मला पत्रं येतात त्याची!”

कुठेतरी पाणी टपटप गळत होतं.

“काय म्हणालात?”

“चार महिन्यांनी पहिलं पत्र आलं. दुसऱ्या गावी आहे. घर केलंय त्याने. मुलं आहेत दोन.” म्हातारी शेवटच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती. “माझ्या पापाची शिक्षा मला होऊ दे. तू वर ये.”

टाचणीबाईच्या हातातली पट्टी गळून पडली. त्यानंतर तिने कोणालाच अडवलं नाही. माणसांनी तिच्या काखांत दोर घातला, फळ्यांवर पालथं पडून तिला ओढलं. गाळाने तिला सोडताना मोठा आवाज केला. तिचे दोन्ही बूट आतच राहिले. मुकादमाने तिला पाठंगुळीला घेऊन शिडी चढवली आणि खोलीत आणून सोडलं. तिचे डोळे उघडे होते, पण ती कुठे बघत होती ते कोणाला कळलं नाही.

दिवेलागणीला ती आंघोळ करून शिवणयंत्रापाशी येऊन बसली. म्हातारी कोपऱ्यात जमिनीवर होती. दोघींच्या मध्ये बटणांचा डबा पडलेला होता.

“किती पत्रं आली?”

“पाच.”

“वाचा. शेवटचं वाचा.”

म्हातारीने उशीच्या खोळीतून कागद काढला. तिला अडखळत वाचता येई. “‘आई, तब्येत जप. गुडघ्यांना तेल लावत जा. माझं बरं चाललंय. तिला काही सांगू नकोस. तिला कळलं, तर ती तुला ठेवून घेणार नाही, आणि इथे जागा नाही...’” पुढचं तिला वाचवेना.

टाचणीबाईने कागद घेतला, अक्षर बघितलं आणि परत दिला. अक्षर त्याचंच होतं.

“नऊ वर्षं मी रडत होते, ते तुम्ही बघत होतात.”

“हो.”

“माझ्या हातचं जेवत होतात.”

“हो.”

“मी ठेवणीतले कपडे घातले त्या दिवशी. तेव्हासुद्धा गप्प राहिलात.”

म्हातारीने मान खाली घातली.

“का?”

“मला जायला जागा नव्हती,” म्हातारी म्हणाली. “खरं तेवढंच आहे. आधी वाटलं, तो सुधारेल, परत येईल. मग नुसतीच भीती राहिली. रोज ठरवायची, उद्या सांगू.”

“मग आज का सांगितलंत?”

“तू बुडत होतीस.”

टाचणीबाई बराच वेळ यंत्राचं चाक हाताने पुढेमागे फिरवत राहिली. मग म्हणाली, “सकाळी जा त्याच्याकडे. त्याची आई आहात, त्याने बघावं.”

म्हातारीने एका गाठोड्यात होतं नव्हतं ते बांधलं आणि पहिल्या गाडीने गेली. सुनेने दार उघडून दिलं, पण निरोपाचा शब्द बोलली नाही.

नंतरचे दिवस टाचणीबाईने कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. कमानीखाली काँक्रीट ओतलं. तो आवाज तिने पडल्या पडल्या ऐकला. शेजारणी आळीपाळीने डोकावून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यांवर कणव होती आणि तिच्या मागे थोडा आनंदही होता, आमचंच खरं निघालं याचा. नवरा मेला असता तर ती रडली असती. हा तर नऊ वर्षं रोज सकाळी उठत होता, चहा पीत होता, मुलांची नावं ठेवत होता, आणि ती त्याच्यासाठी पायऱ्यांवर बसून पाण्याशी बोलत होती. तिला स्वतःचीच शिसारी आली. एका दुपारी ती साकवाच्या मध्यावर जाऊन खाली बघत उभी राहिली. खाली नुसता कोरडा, भेगाळलेला तळ होता. जीव द्यायचा म्हटलं तरी कालव्यात पाणी नव्हतं. ती परत आली आणि दाराला कडी घालून झोपली.

म्हातारी गेल्याच्या नवव्या दिवशी मुकादमाने दार वाजवलं. ती उघडेना, तेव्हा तो खिडकीशी आला.

“ताई, तुमच्या सासूबाई पलीकडच्या काठावर बसल्यात. सकाळपासून. माझ्या पोरांनी पाणी दिलं, घेतलं नाही. साकवावरून चला म्हटलं, तर मान हलवतात.”

“बसू देत,” ती म्हणाली.

“बरं,” मुकादम म्हणाला आणि गेला.

ती खिडकीत येऊन उभी राहिली. पलीकडे, बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानासमोर, म्हातारी गाठोड्यावर बसली होती. इकडे बघत नव्हती, गाठोड्यावर हात ठेवून पायांकडे बघत होती. येणारे जाणारे तिला वळसा घालून जात. टाचणीबाईने एक उसवलेला शर्ट घेतला, चार टाके घातले, काढले. पुन्हा खिडकीशी आली. ऊन म्हातारीच्या डोक्यावर आलं होतं. मग ती घरातल्या चपला पायात सरकवून निघाली. साकवावर पाय ठेवेपर्यंत तिच्या मनात होतं, की चार माणसांदेखत तिला खडसवायचं आणि परत यायचं.

“इथे का बसलात?”

म्हातारीने वर बघितलं. आठ दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. “गाडीतून उतरले. मग कळेना कुठे जावं.”

“तो काय म्हणाला?”

“काही म्हणाला नाही.” म्हातारीने गाठोड्याची गाठ घट्ट केली. “दार वाजवलं. आतून त्याने फटीतून बघितलं. डोळा ओळखला मी त्याचा. मग आतला दिवा गेला. दार उघडलं नाही. मी जिन्यात बसले. संध्याकाळी त्याची बायको आली, विचारलं, कोण तुम्ही? मी म्हटलं, चुकून आले. एवढे दिवस धर्मशाळेत होते. रोज जाऊन जिन्यात बसायची. काल त्याने पोलिसाला बोलावलं.”

टाचणीबाईला खडसवायचं होतं, ते शब्द तिला सापडेनात. आपल्याशी झालं ते या बाईशीही झालंय, हे तिला कळलं, आणि त्यात समाधान मात्र काडीचं नव्हतं.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली.

“नको करूस.”

“माझ्याच्याने होणारही नाही कधी.”

“बरं.”

“उठा. ऊन लागेल.”

म्हातारी उठायला गेली, तिचे गुडघे सरळ होईनात. टाचणीबाईने तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं आणि गाठोडं आपल्या खांद्यावर टाकलं. ते फारच हलकं होतं. दोघी साकवापाशी आल्या, तर वरून एका कामगाराने हात आडवा केला. कठड्यासाठी घडवलेला मोठा दगड साखळ्यांनी पुलावर चढवत होते, तो जागेवर बसेपर्यंत साकव बंद होता. मग त्या दोघी तिथेच, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. पाऊण तास लागला.